एका डब्यात तीन टीसी

बोईसरला घरच्या संगणकाचं बटण दाबावं, चपला घालाव्यात, स्टेशनवर जाऊन लोकल पकडावी, उमरोळी मागे टाकून पालघरला उतरावं, काम उरकून परत यावं, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असतं. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण ती संगणकाच्या वयाप्रमाणे कमी होत जाते. अशा वेळी घरातला कर्ता पुरुष त्या चक्राकडे वैद्याच्या नजरेने पाहतो आणि निदान करतो, "व्हायरस आहे." मराठी घरात शरीराच्या बाबतीत जो मान पित्ताला, तोच संगणकाच्या बाबतीत व्हायरसला. डोकं दुखलं तर पित्त, पाय दुखला तरी पित्तच. फाइल सापडत नाही, व्हायरस. प्रिंटर अर्धंच पान छापतो, व्हायरस. निदान एकच असल्यामुळे औषधही एकच, आणखी एक अँटिव्हायरस टाकायचा. माझं म्हणणं असं, की घरचा संगणक चोरांमुळे क्वचित आणि पहारेकऱ्यांमुळे रोज रेंगाळतो. म्हणून 'हलकं सॉफ्टवेअर कोणतं टाकू?' हा प्रश्न उलटा धरलेला आहे. आधी 'कोणकोणतं काढू?' हे विचारायला हवं. गोष्ट साधी आहे, पण आपल्याला ती पचायला जड जाते. श्रीखंडाचा रिकामा डबा आणि साडीच्या दुकानाची पिशवी ज्या घरातून पंचवीस वर्षांत बाहेर गेली नाही, तिथून एखादं सॉफ्टवेअर कसं जाईल?

अँटिव्हायरस म्हणजे लोकलच्या डब्यातला टीसी. तुम्ही एखादी फाइल उघडलीत की तो तिला थांबवतो, तिकीट बघतो, ओळखीच्या बदमाशांच्या यादीशी तोंड ताडून पाहतो आणि मग पुढे सोडतो. एक टीसी असला तर प्रवाशांना फारसा त्रास नाही. पण एकाच डब्यात तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे टीसी चढले, तर प्रत्येक प्रवाशाला तीनदा तिकीट दाखवावं लागतं, आणि थोड्याच वेळात ते तिघं एकमेकांची तिकिटं मागू लागतात. हे रूपक म्हणून सोडून देऊ नका. एका अँटिव्हायरसने पकडून कोठडीत ठेवलेली फाइल दुसऱ्याला सापडते आणि तो पहिल्यालाच गुन्हेगार ठरवतो, असे प्रकार खरोखर घडतात. घरोघर हे तिघं जमतात कसे, हेही बघण्यासारखं आहे. पहिला विंडोजच्या पोटातच असतो. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पुरा अँटिव्हायरस म्हणून सोबतच येतो. दुसरा नव्या लॅपटॉपबरोबर महिनाभराच्या पाहुणचाराला आलेला असतो आणि मुदत संपल्यावर "नूतनीकरण करा" म्हणत ओसरीवर बसून राहतो. तिसरा दिवाळीला आलेल्या भाच्याने टाकलेला. "मामा, हा एकदम लाइट आहे," एवढं बोलून भाचा विरारला परत जातो, आणि त्याची हलकी वस्तू मामाच्या संगणकावर वर्षानुवर्षं बसते. विंडोज बिचारं समजूतदार असल्यामुळे बाहेरचा पहारेकरी आला की आपला घरचा माणूस बाजूला सारतं. पण बाहेरच्या दोघांना कोण आवरणार? त्यात एक 'क्लीनर', एक 'बूस्टर' आणि एक 'ड्रायव्हर अपडेटर' आलेला असतो. संगणकाचा वेग वाढवायला आलेली ही मंडळी संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागा धरतात. ती आली कुठून, ते घरात कोणालाच आठवत नाही, कारण ती कोणी बोलावलेलीच नसतात. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करताना मधल्या एका चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते. जावासारख्या प्रतिष्ठित सॉफ्टवेअरबरोबरसुद्धा अनेक वर्षं आस्क टूलबार नावाची पट्टी अशीच घरात शिरत होती. त्या काळी काही घरांतल्या ब्राउझरवर इतक्या पट्ट्या साचायच्या, की खरं पान खिडकीच्या गजातून दिसावं तसं दिसायचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. "जे फुकट येतं ते काय राखण करणार?" फुकट ते पौष्टिक म्हणणारा समाज नेमका इथेच फुकटावर अविश्वास दाखवतो, ही मौज आहे. या अविश्वासाला इतिहास आहे, हे मात्र मान्य करायला हवं. पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो तो 'ब्रेन', १९८६ सालचा. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला आणि आत आपलं नाव, पत्ता, फोन नंबरही घातला. इतकी सभ्यता पुढच्या पिढीतल्या चोरांत उरली नाही. पुढे फ्लॉपीवरून व्हायरस घरोघर पसरू लागले आणि विंडोजजवळ स्वतःची ढाल नव्हती, तेव्हा त्याला उत्तर शोधणारे आपल्या पुण्यातलेही दोन भाऊच होते. कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांच्या दुरुस्तीत शिरले, धाकट्या संजयने अँटिव्हायरस लिहिला, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. २०१६ साली ती शेअर बाजारातही गेली. तेव्हा विकतचा पहारेकरी ही चैन नव्हती, गरज होती. मात्र गरज बदलली तरी सवय बदलत नाही. आज जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेच्या चाचण्यांत विंडोजच्या पोटातल्या त्या फुकट डिफेंडरला संरक्षणासाठी सहापैकी सहा गुण वारंवार मिळतात. आपल्या घरात इतके गुण मिळवणाऱ्याला लगेच इंजिनीअरिंगला घालतात. डिफेंडरला मात्र कोणी विचारत नाही, कारण त्याची पावती नाही. "मग आपल्या मराठी माणसाचं घेऊ नये का?" असं कोणी विचारेल. जरूर घ्यावं. हिशेबाच्या फायली असतील, मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचं असेल, अडचण आल्यावर मराठीत बोलणारा माणूस फोनवर हवा असेल, तर पैसे मोजून घ्यावं. पण घेतल्यावर बाकीचे काढावेत. अभिमान एकाच पहारेकऱ्याने व्यक्त होतो, त्यासाठी तीन लागत नाहीत.

दुसरं असं, की पहारेकरी ठेवला म्हणजे चिंता मिटली हे गृहीतच जरा तपासून पाहावं. अव्हास्ट हा फुकट अँटिव्हायरस जगभर लोकप्रिय. लोक काय काय पाहतात त्याची माहिती तो गोळा करत होता आणि त्याच्याच जंपशॉट नावाच्या कंपनीमार्फत ती विकली जात होती, हे २०२० च्या सुरुवातीला उघड झालं. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणजे सोसायटीचा वॉचमन कोणाकडे कोण येतं-जातं याची वही ठेवतो, एवढंच नाही, तर ती वही रद्दीवाल्यापेक्षा बऱ्या भावाने देतो. नॉर्टनने २०२१ मध्ये आपल्या अँटिव्हायरसमध्ये क्रिप्टो चलन खणायची सोय घातली. ग्राहकाने हो म्हटल्यावर त्याच्या संगणकावर, त्याच्या विजेच्या बिलात खाणकाम चालणार आणि त्यातले पंधरा टक्के कंपनीचे. ज्या कामाबद्दल व्हायरसला धरतात, तेच काम गणवेश घालून केलं की त्याला सोय म्हणतात. सप्टेंबर २०२४ मध्ये तर अमेरिकेतले कित्येक कॅस्परस्कीचे ग्राहक सकाळी उठले, तेव्हा त्यांच्या संगणकावरून जुना अँटिव्हायरस गेलेला आणि अल्ट्राएव्ही नावाचा नवा येऊन बसलेला. सरकारने जुन्याच्या विक्रीवर बंदी घातल्यामुळे कंपनीने परस्पर वारस नेमला होता. आणि कळस म्हणजे १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष अपडेट गेली आणि जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर घरगुती नव्हे, कंपन्यांचं होतं, हे खरं. पण एका चोरालाही जे इतक्या झटपट साधलं नाही, ते पहारेकऱ्याने सकाळच्या चहाआधी करून दाखवलं, हेही खरंच. पहारेकऱ्याला घराच्या सगळ्या किल्ल्या द्याव्या लागतात, म्हणून किल्ल्यांचे जुडगे जेवढे कमी वाटाल तेवढं बरं.

आता आमच्या भागातला सर्वांत वजनदार आक्षेप. तारापूरच्या परिसरात राहणाऱ्याला सुरक्षेबद्दल काही सांगायला गेलं की तो बोट करून विचारतो, "तिथे अणुभट्टीला एकावर एक किती आवरणं आहेत! मग संगणकाला दोन अँटिव्हायरस जास्त कसे?" प्रश्न बिनतोड वाटतो. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून ज्यांच्या शेजारी आहे, त्यांना आवरणांचं महत्त्व पटवायला नको. पण ती आवरणं नीट पाहा. इंधनाच्या भाजलेल्या गोळ्या, त्यांच्याभोवती झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्या, त्याबाहेर जाड पोलादी पात्र, त्याबाहेर कोंडून धरणारी बांधणी. प्रत्येक थर वेगळ्या जातीचा आणि वेगळ्या कामाचा. एक चुकला तर दुसरा सावरेल, कारण दोघं एकाच कारणाने चुकत नाहीत. दोन अँटिव्हायरस म्हणजे असे दोन थर नव्हेत. एकाच फाटकावर एकाच खुर्चीसाठी भांडणारे ते दोन वॉचमन. घरच्या संगणकाचे खरे थर दिसायला अगदी गरीब असतात: वेळच्या वेळी अपडेट, एक अँटिव्हायरस, जाहिराती अडवणारा ब्राउझर, रोजच्या कामासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेलं साधं खातं, आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकापासून सोडवून कपाटात ठेवलेल्या हार्ड डिस्कवर. तारापूर चालवणाऱ्या महामंडळाचंच उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम केंद्राच्या प्रशासकीय कामाच्या एका संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडलं, आणि महामंडळाने सांगितलं की अणुभट्टीच्या नियंत्रणाचं जाळं त्यापासून अलग आहे. तिथे ज्याचा आधार सांगितला गेला तो दुसरा अँटिव्हायरस नव्हता. दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची शिस्त होती. एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यांनाही हे कळतं. आत जाणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे हे फाटकावर तपासत बसत नाहीत. त्याची माचिस आणि मोबाइल तिथे ठेवून घेतात. हाच माणूस घरी येतो आणि झेरॉक्सच्या दुकानात अख्ख्या तालुक्याच्या संगणकांत फिरून आलेला पेन ड्राइव्ह बेधडक आपल्या संगणकात खुपसतो.

ब्राउझरच्या निवडीवरून तर घरात तट पडतात. "क्रोम जड आहे, एज घ्या." "एज नको, ब्रेव्ह हलका." "ऑपेरा बघितलात का?" वाडा कोलम ज्यांच्या ताटात आहे, त्यांना हा घोळ लवकर समजावा. पोतं एकच असतं, दुकानं आपापल्या पिशवीत भरून त्यावर आपलं नाव छापतात. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे गुगलच्या क्रोमियम या एकाच पोत्यातले. कोणी वर वेलदोडा टाकतो, कोणी लवंग. वेगळ्या वाणाचा म्हणावा असा फायरफॉक्स. त्यामुळे 'हलका ब्राउझर' शोधणाऱ्याला फरक जाणवतो तो बहुधा एकाच कारणाने: नव्या ब्राउझरमध्ये त्याने अजून सत्तावीस टॅब उघडलेले नसतात. टॅब हा लोकलमधला चौथ्या सीटवाला प्रवासी असतो. "जरा सरका," म्हणून अर्धवट टेकतो आणि आपल्या घरापर्यंत उठत नाही. चिकूच्या लोणच्याची कृती, सातबारा, विजेचं बिल, रेल्वेचं आरक्षण, दहावीचा निकाल (मुलगी आता नोकरीला आहे), हे सगळे प्रवासी बसवून घ्यायचे आणि गाडी जड झाली म्हणून मोटरमनला शिव्या द्यायच्या. आजकालचे ब्राउझर न वापरलेल्या टॅबना आपण होऊन झोपवतात, पण त्यांचीही काही मर्यादा असते. जुन्या संगणकात चार जीबी मेमरी आणि फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर ब्राउझर बदलण्यापेक्षा एसएसडी बसवून घेतलेली बरी. तिने जेवढा फरक पडतो तेवढा कुठलाही बूस्टर पाडत नाही. हलकेपणाचा आणखी एक उपाय म्हणजे जाहिराती अडवणारी जोड. अमेरिकेच्या एफबीआयनेही डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना हीच शिफारस केली, कारण शोधाच्या निकालांत वर येणाऱ्या जाहिराती खोट्या साइटवर नेतात. यूब्लॉक ओरिजिन हे त्यातलं नावाजलेलं. क्रोमने आपले नियम बदलून त्याची पूर्ण आवृत्ती चालेनाशी केली, फायरफॉक्सवर ती चालते. याउपर निवड करायचीच असेल, तर हे एक कारण पुरेसं आहे.

पण ज्याला लोक व्हायरस समजतात, त्यातला बराचसा भाग या ब्राउझरच्या फाटकातूनच आणि आमंत्रण घेऊन येतो. तो क्षण जवळून पाहा. घरमालक सातबारा शोधायला बसलेला. खरी सरकारी साइट राहिली बाजूला, तो वरच्या जाहिरातीवर बोट ठेवतो. पान उघडतं आणि डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट येते: ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते, 'अलाउ' की 'ब्लॉक'? मराठी माणूस दारावर आलेल्याला सहसा नाही म्हणत नाही. 'अलाउ'. त्या संध्याकाळपासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरं उमटू लागतात: तुमच्या संगणकात पाच व्हायरस, ताबडतोब साफ करा. घरमालक घाबरून चौथा अँटिव्हायरस टाकतो. चौथ्याला काहीच सापडत नाही, कारण तिथे व्हायरस नसतोच. परवानगी देऊन बोलावलेली ती जाहिरात असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचनांच्या यादीतून ते नाव काढलं की पाचही व्हायरस एका टिचकीने मरतात. सातपाटीला पापलेट जाळ्यात सापडतं ते कोणी पाठलाग केल्यामुळे नव्हे. जाळं पाण्यात उभं सोडलेलं असतं, मासा आपला आपण पोहत येऊन अडकतो.

"पण आमच्या संगणकात चोरण्यासारखं आहेच काय?" हा शेवटचा, आणि सर्वांत विनयशील आक्षेप. या विनयशील माणसाच्या डेस्कटॉपवर आधारची प्रत असते, पॅनची प्रत असते, आईच्या मुदत ठेवीच्या पावतीचा फोटो असतो, आणि 'पासवर्ड नवीन' नावाची एक फाइल असते, म्हणजे 'पासवर्ड जुना' ही कुठेतरी असणारच. आणि चोराला तुमच्या वस्तूची किंमत बाजारात मिळायला हवी असं नाही. मुलीच्या लग्नाचे फोटो कुलूपबंद केले की ते परत मिळवायला तुम्हीच पैसे द्याल, हे त्याला पुरतं. १२ मे २०१७ ला वॉनाक्रायने जगभर असंच कुलूप लावलं. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. मधले दोन महिने लोक 'रिमाइंड मी लेटर' दाबत होते. अपडेट नेहमी नको तेव्हा येते, घाईच्या वेळी टक्केवारी मोजत बसते, हे सगळं मान्य. पण कुठलाही विकतचा पहारेकरी त्या एका बटणाची बरोबरी करत नाही. म्हणूनच विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे घरच्या सुरक्षेसाठी चार अँटिव्हायरसांच्या जाहिरातींपेक्षा महत्त्वाचं आहे. संगणकाला विंडोज ११ झेपत असेल तर ते घ्यावं. नसेल तर मुदतवाढीची नोंद करावी, किंवा लिनक्स मिंट टाकून पाहावं, जुन्या यंत्रावर ते निमूट चालतं. "आता ह्या वयात नवीन शिकायचं?" असं विचारणारे काका एका रात्रीत रील बनवायला शिकलेले असतात, त्यामुळे तो आक्षेप इथे विचारात घेतलेला नाही. आणि पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, स्क्रीन दाखवणारं हे ॲप टाका," असं सांगणाऱ्यापुढे तर सगळे पहारेकरी गप्प बसतात. ते ॲप व्हायरस नसतं, नेहमीचं प्रतिष्ठित सॉफ्टवेअर असतं, आणि टाकणारा हात घरमालकाचा असतो. तशी कुठलीही अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच, तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवायचा. तो मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा, तिथे नाहीतरी जुन्या वायफायचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी आहेच, तिच्यावरच चिकटवा.

तेव्हा आज जेवणं झाली की संगणकापाशी बसा, सेटिंगमधली ॲप्सची यादी उघडा आणि एक पहारेकरी ठेवून बाकीच्यांना निरोप द्या. जाताना त्यातला प्रत्येक जण ब्राउझर उघडून "तुम्ही आम्हाला का सोडताय?" असा फॉर्म पुढे करेल. तो भरू नका. आणि खाली 'आमच्याकडून सूचना हव्यात का?' असं विचारलं, तर 'ब्लॉक' दाबा.